शासकीय औषधखरेदी आणि आपली लहान रसशाळा

संघटनेच्या जिल्हा मेळाव्यांत गेली काही वर्षे एक प्रश्न हमखास निघतो. भोजनोत्तर सत्रात एखादे ज्येष्ठ वैद्य उठतात आणि विचारतात, "शासकीय दवाखान्यांना लागणारी चूर्णे, आसवे, तेले दरवर्षी कोठून येतात? आपल्या जिल्ह्यातील एकाही रसशाळेस त्यात वाटा का नाही?" प्रश्न रास्त आहे. त्यावरचे उत्तरही सभागृहात ठरलेलेच असते. "ते सगळे मोठ्यांचे काम, आपल्यासारख्यांना तेथे कोण विचारतो?" असे म्हणून चहाची वेळ होते आणि विषय संपतो.

आम्हीही अनेक वर्षे हेच उत्तर देत होतो. वडिलांनी सुरू केलेली, अकरा कामगारांची आमची रसशाळा तालुक्याच्या गावी आहे. शिक्षण संपवून आम्ही तिचा कारभार हाती घेतला, तेव्हा निविदा या शब्दाची आम्हांस भीतीच वाटे. पुढे तीन वेळा निविदा भरली. पहिल्या वेळी बाद झालो, दुसऱ्या वेळी हाती आलेले काम आम्हीच नाकारले आणि तिसऱ्या वेळी नऊपैकी तीन कल्पांचा पुरवठा केला. या तिन्ही अनुभवांतून जे शिकलो, ते नियमांच्या आधारासह मांडण्याचा येथे प्रयत्न आहे. हे लिहिताना आम्ही कायदेपंडित असल्याचा दावा करीत नाही. एका रसशाळाचालकाने दुसऱ्यास सांगावे तितकेच हे आहे.

नियम काय बदलले?

केंद्र शासनाच्या खरेदीचा पाया म्हणजे सर्वसाधारण वित्तीय नियम, २०१७. त्याच्या आधी, ऑगस्ट २०१६ मध्ये शासकीय ई-बाजारपेठ, म्हणजे आपण ज्यास 'जेम पोर्टल' म्हणतो ते, सुरू झाले होते. त्यावर उपलब्ध असलेल्या वस्तू केंद्रीय कार्यालयांनी तेथूनच घ्याव्यात असे २०१७ च्या नियमांनी ठरविले. लहान रकमेची खरेदी थेट, मधल्या रकमेची दरांची तुलना करून आणि मोठ्या रकमेची बोली किंवा उलट लिलाव लावून, अशी तिची साधारण रचना आहे.

आपल्या दृष्टीने याहून महत्त्वाचा आहे तो सूक्ष्म व लघु उद्योगांसाठीचा सार्वजनिक खरेदी धोरण आदेश, २०१२. आरंभी या आदेशात एकूण वार्षिक खरेदीपैकी किमान २० टक्के खरेदी अशा उद्योगांकडून करण्याचे लक्ष्य होते. २०१८ च्या दुरुस्तीने ते २५ टक्के झाले. त्यातील ४ टक्के अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योजकांसाठी, तर ३ टक्के महिला उद्योजकांसाठी आहे. आपल्या अनेक भगिनी स्वतःच्या रसशाळा समर्थपणे चालवितात, त्यांनी याची अवश्य नोंद घ्यावी. एकल मालकी असेल तर मालक स्वतः महिला असावी लागते, भागीदारीत किमान ५१ टक्के हिस्सा महिलांचा असावा लागतो.

या आदेशाने सूक्ष्म व लघु उद्योगांस तीन गोष्टी दिल्या आहेत. निविदा संच विनामूल्य मिळतो. बयाणा रक्कम भरावी लागत नाही. आणि आपला दर न्यूनतम दराच्या १५ टक्क्यांच्या आत असेल, तर त्या न्यूनतम दराशी जुळवून घेऊन पुरवठ्याचा किमान चौथा हिस्सा मिळविण्याची संधी मिळते. समजा, एका मोठ्या कंपनीचा दर १०० रुपये आला आणि आपण ११२ रुपये लिहिले. आपण ११५ च्या आत आहोत, म्हणून १०० रुपयांत देण्याची तयारी असल्यास एकूण मागणीच्या २५ टक्के काम आपणांस देता येते. असे दोघे-तिघे लघु उद्योजक असतील तर तो हिस्सा त्यांच्यात विभागला जातो. निवड झाल्यावर द्यावयाच्या सुरक्षा ठेवीतून मात्र या आदेशाने सूट मिळत नाही, तिची तजवीज आधीच करून ठेवावी.

हा आदेश केंद्रीय मंत्रालये, विभाग व केंद्रीय सार्वजनिक उपक्रमांना लागू आहे, हे विसरून चालणार नाही. केंद्र शासन आरोग्य योजनेचे आयुर्वेदिक दवाखाने, केंद्रीय आयुर्वेदीय विज्ञान अनुसंधान परिषदेच्या मुंबई, पुणे, नागपूर येथील संस्था हे असे केंद्रीय ग्राहक होत. राज्याची खरेदी राज्याच्या नियमांनी चालते. महाराष्ट्रात १ डिसेंबर २०१६ च्या शासन निर्णयाने खरेदीची नियमपुस्तिका लागू झाली, आणि सार्वजनिक आरोग्य व वैद्यकीय शिक्षण या विभागांच्या औषधखरेदीसाठी २०२३ च्या अधिनियमाने स्वतंत्र वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरण स्थापन झाले. राज्याच्या नियमपुस्तिकेतही लघु उद्योगांस सवलती आहेत, पण त्यांच्या अटी निराळ्या आहेत. समोरची निविदा केंद्राची की राज्याची, हे पाहिल्याखेरीज कोणतीही सवलत गृहीत धरू नये.

सवलतीची मर्यादा

काही सहकारी असे समजतात की लघु उद्योगास पूर्वानुभव व उलाढालीच्या अटीतून आपोआप सूट मिळते. हा समज धोक्याचा आहे. गुणवत्ता व तांत्रिक निकष पूर्ण होत असतील तर या दोन अटी शिथिल करण्याची मुभा २०१६ च्या परिपत्रकांनी खरेदीदारास दिली आहे. परंतु सार्वजनिक सुरक्षा व आरोग्याशी संबंधित वस्तूंच्या बाबतीत खरेदीदार अनुभवी पुरवठादारास पसंती देऊ शकतो, असेही केंद्रीय वित्त मंत्रालयाच्या त्याच वर्षीच्या परिपत्रकात म्हटले आहे. औषध ही आरोग्याशी संबंधित वस्तू असल्याने आपण या अपवादात सहज येतो. एक वैद्य म्हणून आम्हांस या अपवादात काही गैर वाटत नाही. उद्या आपल्याच घरातील रुग्णास शासकीय दवाखान्यातून औषध मिळणार असेल, तर ते बनविणाऱ्याचा अनुभव आपणही विचारूच.

म्हणून अनुभव हळूहळू साठवावा लागतो. लहान रकमेची थेट खरेदी, एखाद्या शासकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयाची किरकोळ मागणी, नगरपालिकेच्या दवाखान्याचा पुरवठा यांचे समाधानकारक पूर्ततेचे प्रमाणपत्र त्या त्या वेळीच मागून घ्यावे. पाच वर्षांनी ते मागावयास गेल्यास मागणी देणारे अधिकारी बदललेले असतात.

औषधालयचालक बंधूंसाठीही येथे एक खुलासा आवश्यक आहे. आयुर्वेदिक औषधांच्या विक्रीस कायद्याने स्वतंत्र विक्री परवाना लागत नाही. परंतु वर सांगितलेल्या खरेदी धोरणाचा लाभ उत्पादक व सेवा पुरवठादारांस आहे, केवळ व्यापार करणाऱ्यास नाही. २०२१ पासून किरकोळ व घाऊक व्यापाऱ्यांना उद्यम नोंदणी मिळू लागली, ती बँकांच्या प्राधान्य कर्जापुरती. औषधालयाच्या नोंदणीवर बयाणा रकमेची सूट मागितली तर निविदा बाद होईल.

आम्ही बाद झालो त्याची कथा

आमची पहिली निविदा तांत्रिक लिफाफ्यातच बाद ठरली. त्या रात्री आम्ही घरी जे बोललो ते येथे लिहिण्यासारखे नाही. सगळे आधीच ठरलेले होते, अशी आमची खात्री झाली होती. निविदा नाकारल्यास, विचारणा केल्यावर त्याची कारणे देणे बंधनकारक आहे, हे वित्तीय नियम १७३ मध्ये लिहिलेले आहे. एका वकील मित्राने ते दाखविले म्हणून आम्ही लेखी विचारणा केली. उत्तर आठ दिवसांत आले. त्यात तीन कारणे होती आणि तिन्ही खरी होती.

पहिले कारण, निविदेत मागितलेल्या एका कल्पाचे नाव आमच्या परवान्यासोबतच्या मंजूर कल्पांच्या यादीत त्याच नावाने नव्हते. आम्ही ते औषध वीस वर्षे बनवीत होतो, पण यादीत ते वेगळ्या पाठभेदाने नोंदले होते. दुसरे कारण, जोडलेल्या विश्लेषण अहवालांपैकी दोहोंवर बॅच क्रमांक नव्हता. तिसरे, उद्यम नोंदणीत आमचा व्यवसाय 'व्यापार' असा दिसत होता. नोंदणी भरणाऱ्या मुलाने घाईत तसा पर्याय निवडला होता आणि आम्ही न वाचता संमती दिली होती. आयुर्वेदिक व युनानी औषधनिर्मितीचा राष्ट्रीय औद्योगिक वर्गीकरण क्रमांक २१००३ आहे. तो आपल्या नोंदणीत आहे की नाही हे वाचकांनी आजच पाहून घ्यावे.

या तिन्ही त्रुटींत कोणाचा पक्षपात नव्हता. आमच्या रसशाळेत औषधाची भांडी जितकी स्वच्छ होती, तितकी कागदपत्रे नव्हती.

कागदांची पूर्वतयारी

निविदा प्रसिद्ध झाल्यावर कागद गोळा करू लागणाऱ्याचा निभाव लागत नाही. पंचकर्मात पूर्वकर्माचे जे स्थान, तेच येथे पूर्वतयारीचे. आम्ही आता एक जाड धारिका कायम तयार ठेवतो. तिच्यात पुढील कागद असतात.

औषधनिर्मितीचा नमुना २५-डी मधील परवाना आणि मंजूर कल्पांची संपूर्ण यादी. ऑक्टोबर २०२१ च्या दुरुस्तीनंतर परवाना कायमस्वरूपी झाला असला तरी त्यासाठी करावयाचे स्वयंघोषणापत्र चुकवू नये. नमुना २५-ई मधील, म्हणजे दुसऱ्याच्या जागेत निर्मितीचा परवाना असणाऱ्यांना पुष्कळ निविदांत प्रवेश नसतो, तेव्हा अटी प्रथम पाहाव्यात.

अनुसूची 'टी' नुसार उत्तम निर्मिती पद्धतीचे प्रमाणपत्र. ही अनुसूची २००० साली आली तेव्हा लहान रसशाळांचा मोठा वर्ग धास्तावला होता. आज तेच प्रमाणपत्र लहानास मोठ्याच्या पंक्तीस बसवते.

प्रत्येक कल्पाच्या अलीकडच्या बॅचचा मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचा अहवाल. आयुर्वेदिक औषधसंहितेतील मर्यादेनुसार शिसे १० पीपीएम, आर्सेनिक ३, पारा १ आणि कॅडमियम ०.३ यांच्या आत असल्याचा उल्लेख वनस्पतिज कल्पांच्या अहवालात स्पष्ट असावा. सूक्ष्मजीवांची गणनाही असावी.

सनदी लेखापालाने प्रमाणित केलेली तीन वर्षांची उलाढाल, वस्तू व सेवा कराची विवरणपत्रे, काळ्या यादीत नसल्याचे प्रतिज्ञापत्र, पूर्वपुरवठ्याची प्रमाणपत्रे.

आणि डिजिटल स्वाक्षरी. ती कोणत्या तारखेस संपते हे रसशाळेच्या भिंतीवर लिहून ठेवावे. आमच्या परिचयाच्या एका रसशाळेची सर्व तयारी झालेली असताना शेवटच्या दिवशी दुपारी स्वाक्षरीची मुदत संपल्याचे लक्षात आले आणि वर्ष वाया गेले.

निविदापूर्व बैठकीस जाण्याचा कंटाळा करू नये. अटीविषयी शंका असेल तर ती तेथे लेखी मांडावी. औषधाचे व्यापारी नाव घालून निविदा काढलेली आढळल्यास, त्याऐवजी भारतीय आयुर्वेदिक योगसंग्रहातील शास्त्रोक्त नाव व पाठ द्यावा अशी विनंती करावी. शास्त्रोक्त कल्प हे आपले खरे बळ आहे. नियम १५८-बी नुसार, ग्रंथोक्त कल्प त्याच पाठाने व त्याच उपयोगासाठी बनविला तर परवान्यासाठी नव्याने सुरक्षितता वा परिणामकारकतेचे अभ्यास द्यावे लागत नाहीत. तेथे मोठ्या कंपनीचा संशोधन विभाग आणि आपली कढई एका पातळीवर येतात.

दराचे गणित

निविदेतील सर्वांत अवघड जागा म्हणजे दराचा रकाना. तेथे पुष्कळ रसशाळा फसतात, कारण आपल्याकडे औषधाची किंमत बाजारभावावरून ठरविण्याची सवय आहे, खर्चावरून नव्हे.

उदाहरणापुरते आकडे घेऊ. त्रिफळा चूर्णासाठी लागणारे कच्चे द्रव्य सरासरी १०० रुपये किलो पडले. निवडणे, वाळविणे, दळणे, चाळणे यांत १५ टक्के घट आली, तर एक किलो चूर्णाचा द्रव्यखर्च १०० नसून ११८ रुपये होतो. त्यावर मजुरी, वीज, डबे, लेबले, वाहतूक आणि पैसे मिळेपर्यंतच्या काळाचे व्याज येते. आता तपासणी पाहा. एका बॅचच्या संपूर्ण तपासणीस ६,००० रुपये लागतात असे धरू. बॅच ५० किलोची असेल तर किलोमागे १२० रुपये तपासणीचेच झाले, आणि ३०० किलोची असेल तर फक्त २०. लहान रसशाळा महाग पडते ती बहुधा येथे. कमी मजुरी देऊन किंवा हलके द्रव्य वापरून हा फरक भरून निघत नाही.

कालमर्यादेचाही हिशेब हवा. नियम १६१-बी प्रमाणे चूर्णाची वापरमुदत २ वर्षे, आसवारिष्टांची १० वर्षे. पुरवठ्याच्या वेळी मुदतीचा मोठा भाग शिल्लक असावा अशी अट बहुतेक निविदांत असते, म्हणून चूर्ण आधीच करून ठेवता येत नाही. याउलट अरिष्टास संधानाचा काळ लागतो, त्यामुळे आदेश आल्यावर ते करावयास घेतले तर मुदत निघून जाते. तिसऱ्या निविदेत दशमूलारिष्टाच्या बाबतीत आमचे असेच झाले असते. मागील हंगामातील साठा होता म्हणून दंड टळला. तयार साठा नसेल तर अरिष्टाचा दर भरूच नये, असे आमचे मत झाले आहे. चरकाचार्यांनी द्रव्याच्या चार गुणांत 'बहुता' सांगितली आहे. पुरेशा प्रमाणात उपलब्ध असणे हा औषधाचा गुणच आहे, हे निविदा भरताना नव्याने उमगते.

करातील बदलही ध्यानात असावेत. २२ सप्टेंबर २०२५ पासून आयुर्वेदिक औषधांवरील वस्तू व सेवा कर १२ वरून ५ टक्क्यांवर आला. जुन्या तक्त्यावरून दर भरल्यास हिशेब चुकतो.

नाकारलेले काम

आता दुसऱ्या निविदेविषयी. ती एका केंद्रीय संस्थेची होती. त्रिफळा गुग्गुळासाठी आमचा दर न्यूनतम दराच्या १५ टक्क्यांच्या आत आला आणि न्यूनतम दराशी जुळविण्यास तयार आहात काय, अशी विचारणा झाली. तीन दिवसांची मुदत होती. घरात व रसशाळेत आनंदाचे वातावरण होते, कारण पावसाळ्याचे ते मंद दिवस होते आणि कामगारांना काम हवे होते.

आम्ही त्या रात्री पुन्हा हिशेब मांडला. गुग्गुळाचा वृक्ष आज निसर्गात अतिसंकटग्रस्त गणला जातो. उत्तम गुग्गुळ दुर्मीळ व महाग आहे. शोधनात त्याची घट होते. सर्व खर्च काटकसरीने धरूनही आमचा पायाभूत दर त्या न्यूनतम दराच्या वर राहत होता. आमचे जुने कारागीर शेजारी बसले होते. ते म्हणाले, "डॉक्टर, या भावात गुग्गुळ बसत नाही. बसवायचा म्हटला तर काय करावं लागेल ते तुम्हाला ठाऊक आहे." ते आम्हांस ठाऊक होते आणि वाचकांसही ठाऊक आहे. भाव बसविण्यासाठी गोळीत काय वाढते व काय कमी होते, याची चर्चा आपल्या व्यवसायात दबक्या आवाजात चालते.

आम्ही नकार कळविला. त्या वर्षी दोन महिने चार कामगारांना अर्धेच काम देऊ शकलो. त्यांपैकी एक जण दुसरीकडे गेला तो परत आला नाही. नकाराची किंमत आम्ही एकट्याने भरली नाही, याची खंत अजून आहे. तरीही तो निर्णय चुकला असे वाटत नाही. दर जुळविण्याची तरतूद ही संधी आहे, सक्ती नाही. निविदा भरण्यापूर्वीच आपला तळाचा दर कागदावर लिहून, त्यावर सही करून तो कपाटात ठेवावा. विचारणा आल्यावर तो कागद काढून पाहावा आणि त्याखाली जाऊ नये. मोहाच्या क्षणी नव्याने मांडलेला हिशेब नेहमीच मनासारखा निघतो.

पैसे केव्हा मिळणार?

तिसऱ्या निविदेतील पुरवठा आम्ही वेळेवर केला. देयक मात्र सहा महिने अडकले. कार्यालयाचे नाव येथे घेण्याचे प्रयोजन नाही. त्या काळात कच्च्या मालाचे व्यापारी आमच्या दारी आणि आम्ही कार्यालयाच्या दारी, अशी स्थिती होती.

सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास अधिनियम, २००६ याची कलमे १५ व १६ प्रत्येक रसशाळाचालकाने वाचली पाहिजेत. लेखी करार असला तरी पैसे देण्याची मुदत माल स्वीकारल्यापासून ४५ दिवसांपेक्षा अधिक असू शकत नाही. मुदत टळल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँकदराच्या तिप्पट दराने, मासिक चक्रवाढीने व्याज देय होते. माल मिळाल्यावर १५ दिवसांत लेखी हरकत आली नाही, तर तो स्वीकारला असेच मानले जाते. म्हणून मालपोच चलनावर तारखेसह सही-शिक्का घेण्यास पर्याय नाही. आमच्या चलनावर सही होती, तारीख नव्हती, आणि ४५ दिवस कधीपासून मोजावयाचे यावरच एक महिना गेला.

वाद मिटला नाही तर कलम १८ अन्वये सुविधा परिषदेकडे जाता येते. २०१७ पासून 'समाधान' पोर्टलवर तक्रार नोंदविता येते. परिषदेच्या निवाड्याविरुद्ध न्यायालयात जावयाचे तर खरेदीदारास निवाड्यातील रकमेच्या ७५ टक्के रक्कम आधी भरावी लागते. आम्ही तक्रार दाखल केली नाही, या कलमांचा उल्लेख असलेले एक विनयशील पत्र लिहिले. तीन आठवड्यांत मुद्दल जमा झाले. व्याज आम्ही सोडून दिले, ते सोडावयास नको होते असे आज वाटते. उद्यम नोंदणी मात्र पुरवठ्यापूर्वीची असावी, मागाहून केलेल्या नोंदणीवर हे संरक्षण मागणे वादाचे ठरते.

एकट्याचे बळ आणि संघाचे बळ

आता मुख्य मुद्दा. वर सांगितलेली सर्व दक्षता घेऊनही एकट्या लहान रसशाळेचा वाटा लहानच राहणार. त्यापुढे जाण्याचा मार्ग एका न्यायालयीन निकालाने दाखविला आहे, आणि त्याची आपल्या वर्तुळात व्हावी तितकी चर्चा झालेली नाही.

२०१४ साली राष्ट्रीय आयुष अभियान सुरू झाले. त्याच्या मार्गदर्शक तत्त्वांत औषधखरेदीच्या अनुदानापैकी किमान निम्मी रक्कम इंडियन मेडिसिन्स फार्मास्युटिकल कॉर्पोरेशन ही केंद्रीय कंपनी, तसेच सार्वजनिक उपक्रम, राज्यांच्या रसशाळा आणि स्वतःच्या जागेत निर्मिती करणाऱ्या सहकारी संस्था यांच्याकडील औषधांवर खर्च करण्याचे म्हटले होते. उत्तर प्रदेशात निविदा न काढता केवळ त्या केंद्रीय कंपनीकडूनच खरेदी होऊ लागली. केरळ आयुर्वेदिक को-ऑपरेटिव्ह सोसायटी या सहकारी संस्थेने त्यास अलाहाबाद उच्च न्यायालयात आव्हान दिले व तेथे तिला यश आले. कंपनीचे अपील ३ जानेवारी २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने फेटाळले. पात्र संस्था अनेक असताना निविदेविना एकीचीच निवड करणे मनमानी ठरते, असा त्या निकालाचा आशय आहे.

केरळमधील एक सहकारी संस्था उत्तर प्रदेशातील खरेदीसाठी न्याय मागते आणि मिळविते, ही घटना महाराष्ट्रातील वैद्यांनी मनावर घ्यावी अशी आहे. तिला तेथे उभे राहता आले ते ती सहकारी संस्था होती म्हणून. ज्या यादीत खासगी रसशाळेस जागा नव्हती, तेथे सहकारास होती. परंतु 'स्वतःच्या जागेत निर्मिती' ही अटही त्याच वाक्यात होती, म्हणून केवळ कागदावर संस्था नोंदवून हा लाभ मिळणार नाही.

ही कल्पना नवी नाही. वैद्यांनी सभासद होऊन उभारलेली इम्पकॉप्स ही सहकारी रसशाळा मद्रासमध्ये १९४४ साली स्थापन झाली आणि तेथील वैद्यांना औषधे पुरवीत आली. केरळातच त्रिशूर जिल्ह्यातील कोरट्टी येथे 'केअर केरलम्' या उपक्रमात अनेक आयुर्वेदिक उत्पादकांनी एकत्र येऊन तपासणी प्रयोगशाळेसारख्या सामायिक सुविधा उभारल्या. आपला प्रांत तर सहकाराचे माहेर. ऊस एकत्र गाळणाऱ्या महाराष्ट्राला हिरडा एकत्र दळता येऊ नये, याचे नवल वाटते.

आमची सूचना लहान पावलांची आहे. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० नुसार निरनिराळ्या कुटुंबांतील दहा व्यक्ती एकत्र आल्या की संस्थेची नोंदणी होऊ शकते. प्रथम जिल्ह्यातील रसशाळांनी कच्च्या द्रव्याची खरेदी एकत्र करावी. हिरडा, बेहडा, गुडूची यांची प्रतवारी एकाच ठिकाणी व्हावी. तपासणीसाठी एकाच प्रयोगशाळेशी वर्षाचा दर ठरवावा. एवढ्यानेच वर मांडलेल्या गणितातील मोठा फरक कमी होईल. एकत्रित व्यवहार दोन वर्षे नीट चालला, हिशेबावरून भांडणे झाली नाहीत, तर संस्थेची स्वतःची रसशाळा, तिचा परवाना आणि तिची निविदा हा पुढचा टप्पा. भांडणांचा उल्लेख हेतुतः केला आहे. आपण वैद्य मंडळी एका काढ्याच्या पाठावरून तासभर वाद घालतो, एका खातेवहीवरून किती घालू याचा अंदाज वाचकांस असेलच.

आमच्या जिल्ह्यातील सात रसशाळांनी या वर्षी हिरड्याची खरेदी एकत्र केली. माल आला, वाटप झाले, हिशेब पूर्ण झाला आणि दोघांचे समाधान झाले नाही. तरी पुढील हंगामातील आवळ्यासाठी सातही जणांनी पुन्हा नावे दिली आहेत. तो हिशेब याच पानांत मांडण्याचा मानस आहे. इतर जिल्ह्यांतून असे प्रयत्न झाले असल्यास वैद्यबंधू-भगिनींनी त्याची माहिती संपादक मंडळाकडे अवश्य पाठवावी, विशेषतः जेथे प्रयत्न फसले तेथील. अलम् विस्तरेण.